अमेरिकेतलं छोटं लिबरल आर्ट्स कॉलेज निवडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका ज्युनिअर कॉलेजातून बारावी करून मी थेट अमेरिकेत, दोन हजारांहून कमी विद्यार्थी असलेल्या कॉलेजात गेले. आता दर वर्षी गणपती उठले की ओळखीतून फोन यायला लागतात. कधी मुलं बोलतात, कधी आई-बाबा. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवते आहे.

लिबरल आर्ट्स म्हणजे आर्ट्स साइड का? आमची मुलगी सायन्सची आहे.

नाही. नावातल्या ‘आर्ट्स’ने आपल्याकडे फार घोळ होतो. या कॉलेजांत भौतिकशास्त्र, गणित, कॉम्प्युटर सायन्स, जीवशास्त्र, अर्थशास्त्र सगळं असतं. फक्त ते इतिहास, संगीत, तत्त्वज्ञानाच्या शेजारी बसून शिकायचं असतं. मुख्य विषय, म्हणजे मेजर, साधारण दुसऱ्या वर्षाच्या शेवटी जाहीर करायचा. पुण्यातलं फ्लेम किंवा सिम्बायोसिसचं लिबरल आर्ट्स माहीत असेल, तर कल्पना तीच आहे.

सायन्सबद्दल शंका असेल तर तीन नावं सांगते. २०२० साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालेल्या जेनिफर डाउडना कॅलिफोर्नियातल्या पोमोना कॉलेजच्या. १९८९ साली तेच नोबेल मिळालेले थॉमस चेक आयोवातल्या ग्रिनेलचे. आणि इंटेलच्या संस्थापकांपैकी रॉबर्ट नॉइस, तेही ग्रिनेलचेच.

मोठं विद्यापीठ सोडून छोट्या कॉलेजात का जायचं?

तिथे जवळजवळ सगळे पदवीचेच विद्यार्थी असतात, हे खरं कारण. पीएचडी करणारे सहसा नसल्यामुळे प्रयोगशाळेत प्राध्यापकांच्या हाताखाली दुसऱ्या वर्षाची मुलं काम करतात. वर्ग प्राध्यापक स्वतः घेतात, पेपर स्वतः तपासतात, आणि वर्गात पंधरा-वीसच जण असल्यामुळे तुम्ही वाचून आला नाहीत हे पाच मिनिटांत कळतं. पुढे पीएचडीसाठी शिफारसपत्र मागायची वेळ येते तेव्हा लिहिणाऱ्याला तुमचं काम खरोखर माहीत असतं. विद्यार्थिसंख्येच्या मानाने पीएचडीपर्यंत जाणाऱ्यांत स्वार्थमोर, रीड, कार्लटन, हार्वी मड ही नावं बरीच वर दिसतात, ती यामुळेच.

पण हे सगळ्यांना मानवत नाही. गर्दीत मागच्या बाकावर बसून शांतपणे शिकणारी हुशार मुलं मी पाहिली आहेत. त्यांना रोज बोलायला लावणारा वर्ग छळ वाटतो. चौथ्या वर्षी एखाद्या विषयाचे वीस-वीस वेगळे कोर्स हवे असतील, तर तेही इथे मिळणार नाहीत.

नावच कोणी ऐकलेलं नाही. लोकांना काय सांगायचं?

हा प्रश्न बहुतेक वेळा बाबा विचारतात, आणि मला तो हसण्यावारी न्यायचा नाही. कर्ज काढून मुलाला पाठवायचं आणि वर भावकीत प्रत्येकाला समजावत बसायचं, हे जड जातं.

मॅसॅच्युसेट्समधलं विल्यम्स कॉलेज घ्या. आपल्याकडे नाव फारसं कोणाला माहीत नाही. १८०६ साली तिथले काही विद्यार्थी पावसात गवताच्या गंजीच्या आडोशाला प्रार्थनेला बसले आणि त्यातून अमेरिकेतली परदेशी मिशनची चळवळ उभी राहिली. त्याच कॉलेजचा १८०८ सालचा पदवीधर गॉर्डन हॉल १८१३ साली मुंबईत उतरला. अमेरिकन मराठी मिशनची सुरुवात ती. म्हणजे या एका छोट्या कॉलेजचा आणि आपल्या भाषेचा संबंध दोनशे वर्षांहून जुना आहे, फक्त आपण विसरलो.

तिथल्या विद्यापीठांच्या प्रवेश समित्यांना आणि नोकरी देणाऱ्या बऱ्याच कंपन्यांना मात्र ही नावं चांगली माहीत असतात. चाळीत किंवा सोसायटीत नाव माहीत असणं हा निकष धरू नका.

रँकिंग किती मानायचं?

कॉलेजांची नावं कळण्यापुरतं. सातव्या आणि सतराव्या क्रमांकातला फरक वर्गात बसल्यावर कळत नाही. वर्षाला वीस हजार डॉलर जास्त भरायचे की नाही, हा फरक मात्र घरात रोज कळतो.

आम्हाला एवढे पैसे परवडणार नाहीत. तरीही अर्ज करावा का?

करा, पण यादी पैशाकडे बघूनच बनवा. या एका उत्तरासाठी बाकी सगळं सोडून दिलंत तरी चालेल.

नावाजलेल्या खासगी कॉलेजांचा फी, राहणं, जेवण धरून एकूण खर्च आता वर्षाला ८०,००० डॉलरच्या वर आहे. हा आकडा बघून बरेच पालक तिथेच थांबतात. पण त्यातली कित्येक कॉलेजं घरची ऐपत बघून मदत देतात, आणि ती मदत मोठी असू शकते. इथे तीन गोष्टी वेगवेगळ्या समजून घ्या.

पहिली: तुम्ही मदत मागितली म्हणून प्रवेशाचा निर्णय बदलतो का? परदेशी विद्यार्थ्यांच्या बाबतीतही तो बदलत नाही, असं जाहीरपणे सांगणारी कॉलेजं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. छोट्या कॉलेजांत ॲमहर्स्ट आणि बोडन ही त्यांतली. बाकी बहुतेक ठिकाणी तुम्हाला किती पैसे लागणार हे निर्णयाच्या वेळी टेबलावर असतं. यात फसवणूक नाही. त्यांचं बजेट ठरलेलं असतं. पण याचा अर्थ असा की जितकी मोठी मदत मागाल तितकी चुरस कडक.

दुसरी: प्रवेश दिला तर तुमची पूर्ण गरज भागवतात का? काही कॉलेजं तसं वचन देतात. काही प्रवेश देतात आणि वर ३०,००० डॉलरची दरी तशीच ठेवतात. अशा प्रवेशाचं पत्र घरात आनंद कमी आणि भांडणं जास्त आणतं.

तिसरी: गुणवत्तेवर मिळणारी स्कॉलरशिप. ही घरची ऐपत न बघता मिळते, पण सगळ्यांत चुरशीची कॉलेजं ती सहसा देत नाहीत. ज्यांचं उत्पन्न मध्यम ते बरं आहे, म्हणजे ‘गरजू’ ठरत नाही पण ८०,००० डॉलरही शक्य नाहीत, अशा घरांनी ही स्कॉलरशिप देणारी ओहायो, आयोवा, विस्कॉन्सिन, पेनसिल्व्हेनियातली कॉलेजं जरूर बघावीत. आपल्याकडची बरीच नोकरदार घरं याच गटात बसतात.

आता एक युक्ती, जी मला कोणी सांगितली नव्हती. बहुतेक कॉलेजं दर वर्षी ‘कॉमन डेटा सेट’ नावाची माहिती जाहीर करतात. कॉलेजचं नाव आणि हे शब्द टाकून शोधलंत की सापडते. त्यात एच विभागातला सहावा प्रश्न काढा. परदेशी विद्यार्थ्यांपैकी किती जणांना मदत मिळाली आणि सरासरी किती, हे तिथे आकड्यांत असतं. माहितीपत्रकात ‘उदार आर्थिक साहाय्य’ लिहिलेलं असो नसो, एच-६ खोटं बोलत नाही.

शेतीचं उत्पन्न, एकत्र कुटुंब, आजोबांच्या नावावरची जमीन हे फॉर्ममध्ये कसं भरायचं?

आर्थिक मदतीसाठी भरायचा सीएसएस प्रोफाइल हा फॉर्म अमेरिकन घर डोळ्यांसमोर ठेवून केलेला आहे, त्यामुळे आपलं घर त्यात नीट बसत नाही. सातबाऱ्यावर आजोबांचं नाव असेल तर ती जमीन तुमच्या आई-बाबांची मालमत्ता म्हणून लिहू नका. पण खुलाशासाठी दिलेल्या रकान्यात परिस्थिती स्पष्ट लिहा. घरात किती माणसं त्याच उत्पन्नावर जगतात, कोणाच्या औषधपाण्याचा खर्च आहे, गेल्या वर्षी पीक गेलं असेल तर किती गेलं, सगळं रुपयांत आणि डॉलरमध्ये लिहा. इन्कम टॅक्स रिटर्न भरत नसाल तर त्याऐवजी काय चालेल हे प्रत्येक कॉलेजच्या आर्थिक मदत कार्यालयाला ईमेल करून विचारा. ते लोक उत्तर देतात. तहसीलदारांच्या उत्पन्नाच्या दाखल्याचं इंग्रजी भाषांतर तयार ठेवा.

आकडा कमी दाखवायच्या मोहात पडू नका. मदत दर वर्षी नव्याने ठरते आणि कागद दर वर्षी मागतात.

अर्जाची आणि या फॉर्मची फी बरीच कॉलेजं मागितल्यावर माफ करतात. मागायला लाजू नका.

राज्य सरकारची परदेश शिष्यवृत्ती मिळेल का?

बारावीनंतरच्या पदवीसाठी सहसा नाही. सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती पदव्युत्तर आणि पीएचडीसाठी आहे. जे. एन. टाटा एन्डाउमेंट हा खासगी न्यास, पण त्याचंही तसंच. पदवीसाठी मोठी मदत आली तर ती बहुतेक वेळा कॉलेजकडूनच येते.

एक वेगळी वाट मुळशी तालुक्यात आहे: पौडजवळचं यूडब्ल्यूसी महिंद्रा कॉलेज. यूडब्ल्यूसी म्हणजे युनायटेड वर्ल्ड कॉलेज, अकरावी-बारावीच्या शाळांची जगभरची साखळी. तिथून किंवा जगातल्या कोणत्याही यूडब्ल्यूसीतून बाहेर पडणाऱ्यांना डेव्हिस योजनेतून अमेरिकेतल्या ठरावीक कॉलेजांत मदत मिळते. २००० साली ही योजना पाच संस्थांपासून सुरू झाली. त्यांत मिडलबरी, कोल्बी, वेल्स्ली होती आणि मेन राज्यातलं, जेमतेम साडेतीनशे विद्यार्थ्यांचं कॉलेज ऑफ द अटलांटिकही. पण हे अकरावीच्या आधी ठरवावं लागतं, कारण तिथला प्रवेशच दहावीनंतर असतो.

अर्ली डिसिजनने अर्ज करावा का?

या प्रकारात एकाच कॉलेजला नोव्हेंबरमध्ये अर्ज करता येतो आणि प्रवेश मिळाला तर जायचं बंधन असतं. काही ठिकाणी जानेवारीत दुसरी फेरी असते. छोट्या कॉलेजांत बऱ्याच जागा याच फेऱ्यांत भरतात, हे खरं आहे. आलेल्या मदतीत घरचं गणित बसतच नसेल तर त्या कारणासाठी बंधनातून मोकळं होता येतं. पण दुसऱ्या कॉलेजचं पत्र शेजारी ठेवून तुलना करायची संधी जाते. कॉलेजच्या वेबसाइटवर खर्चाचा अंदाज देणारं कॅल्क्युलेटर परदेशी विद्यार्थ्यांसाठी असेल तर आधी ते भरा, आई-बाबांसमोर बसून भरा, आणि तो आकडा त्यांना झेपतोय असं त्यांच्या तोंडून ऐकल्यावरच अर्ज करा.

आम्ही स्टेट बोर्डाचे. कॉलेजात काउन्सेलर वगैरे कोणी नाही.

ही आपली खास अडचण. अमेरिकन कॉलेजांना नववी ते बारावीचे गुण लागतात, आणि आपल्याकडे नववी-दहावी शाळेत, अकरावी-बारावी ज्युनिअर कॉलेजात. त्यामुळे दोन्हीकडे खेपा घालाव्या लागतात. काउन्सेलरच्या जागी प्राचार्य किंवा उपप्राचार्य फॉर्म भरू शकतात. त्यांना तुम्ही ओळखत नसाल तर एका कागदावर स्वतःबद्दल लिहून द्या: काय वाचलं, कशात भाग घेतला, घरची परिस्थिती काय. शिफारसपत्र क्लासच्या सरांकडून घेऊ नका. ज्युनिअर कॉलेजच्या शिक्षकांकडूनच घ्या. आणि जूनमध्ये विचारा. माझ्या वेळी मी ऑक्टोबरमध्ये विचारलं, परीक्षा आणि दिवाळीची सुट्टी मध्ये आली, आणि पत्र शेवटच्या रात्री गेलं. तो ताण कोणी घेऊ नये.

सल्लागाराला लाखो रुपये द्यायची गरज नाही. मुंबईत अमेरिकन सरकारच्या एज्युकेशन यूएसए या सल्लासेवेचं केंद्र आहे. तिथला सर्वसाधारण सल्ला फुकट असतो. खासगी सल्लागाराकडे जाणारच असाल तर एखाद्या विद्यापीठाकडून कमिशन घेता का, हे तोंडावर विचारा.

सॅट द्यावीच लागते का?

प्रवेशासाठीची ही परीक्षा बऱ्याच ठिकाणी ऐच्छिक आहे. बोडनने तर १९६९ सालीच ती ऐच्छिक केली. काही कॉलेजं पुन्हा सक्ती करू लागली आहेत, तेव्हा प्रत्येकाचं पान वाचा. गणित चांगलं असेल तर द्या. अनोळखी बोर्डाच्या मार्कशीटला तिचा आधार होतो.

इंजिनीअरिंग करता येईल का?

मोजक्या ठिकाणी. स्वार्थमोर, हार्वी मड, स्मिथ, लाफायेट, बकनेल, युनियन, ट्रिनिटी इथे इंजिनीअरिंगची पदवी आहे. स्मिथ हे मुलींचं कॉलेज आहे. इतर बरीच कॉलेजं ‘तीन अधिक दोन’ योजना सांगतात: तीन वर्षं इथे, दोन वर्षं मोठ्या विद्यापीठात, दोन पदव्या. कागदावर छान दिसतं. पण शेवटच्या दोन वर्षांत परदेशी विद्यार्थ्याला मदत मिळेलच याची खात्री बहुतेक वेळा नसते. त्या भरवशावर जाऊ नका.

आणि डॉक्टर?

ती वाट धरू नका. तिथल्या बऱ्याच मेडिकल कॉलेजांत परदेशी नागरिकांना प्रवेशच नाही, जिथे आहे तिथे जागा अगदी थोड्या.

सगळी कॉलेजं सारखीच वाटतात. फरक कसा ओळखायचा?

वेबसाइटवरच्या हिरवळीवर बसलेल्या मुलांच्या फोटोंवरून ओळखता येत नाही, हे खरं. वर्ष कसं विभागलंय ते बघा. कार्लटनला दहा-दहा आठवड्यांच्या तीन टर्म असतात. वेग इतका की तिसऱ्या आठवड्यात परीक्षा दारात. कोलोरॅडो कॉलेजात एका वेळी एकच विषय, साडेतीन आठवडे. ग्रिनेलमध्ये पहिल्या वर्षीचा एक कोर्स सोडला तर सक्तीचं जवळपास काही नाही. विल्यम्समध्ये ट्युटोरियल असतात: दोन विद्यार्थी, एक प्राध्यापक, आणि आलटून-पालटून एकाने लिहायचं व दुसऱ्याने त्याला प्रश्न विचारायचे. वूस्टरमध्ये शेवटच्या वर्षी प्रत्येकाला स्वतःचं संशोधन लिहावंच लागतं. रीडमध्येही प्रबंध आहे. शिस्तीत आखून दिलेलं आवडतं की मोकळं रान, हे आपलं आपल्याला माहीत असतं.

मग तुमच्या विषयाच्या विभागाचं पान उघडा आणि शिक्षक मोजा. छोट्या कॉलेजात एखाद्या विभागात चारच प्राध्यापक असतात. त्यातला एक वर्षभराच्या अभ्यासरजेवर गेला की तुम्हाला हवा असलेला कोर्स गेला. कोर्सची यादी बघून हुरळू नका. गेल्या दोन-तीन वर्षांत प्रत्यक्षात काय शिकवलं गेलं ते वेळापत्रकात बघा. कॉम्प्युटर सायन्स करायचं असेल तर आणखी एक विचारा: मेजर करणाऱ्यांना हवे ते कोर्स वेळेवर मिळतात का? तिथे सध्या गर्दी असते. हा प्रश्न ॲडमिशन ऑफिसला विचारू नका, तिसऱ्या वर्षातल्या विद्यार्थ्याला विचारा.

गाव की शहर? आणि थंडी, जेवण?

बहुतेक छोटी कॉलेजं छोट्या गावांत आहेत. मिनेसोटातल्या नॉर्थफिल्ड गावाचं ब्रीदच ‘गायी, कॉलेजं आणि समाधान’ असं आहे. तिथे कार्लटन आणि सेंट ओलाफ ही दोन कॉलेजं. त्याच राज्यात मॅकॅलेस्टर मात्र सेंट पॉल शहरात आहे. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस झालेले कोफी अन्नान तिथूनच १९६१ साली पदवीधर झाले.

गाव छोटं असलं तरी शेजार मोठा असू शकतो. ॲमहर्स्ट, स्मिथ, माउंट होल्योक, ॲमहर्स्ट गावातलं राज्य विद्यापीठ अशांचं मंडळ आहे. एकमेकांकडे कोर्स घेता येतात आणि विद्यार्थ्यांना मधल्या बसचं तिकीट लागत नाही. कॅलिफोर्नियातल्या क्लेरमाँटमधली पाच कॉलेजं तर एकमेकांना चिकटून. ब्रिन मॉर आणि हॅवरफर्डमध्ये एकीकडे शिकून दुसरीकडचं मेजर करता येतं.

थंडीची सवय होते. खरा जाच होतो तो सुट्टीत. डिसेंबरमध्ये बऱ्याच ठिकाणी डॉर्म बंद होतात, कॅन्टीन बंद होतं, अमेरिकन मुलं घरी जातात. माझ्या पहिल्या हिवाळ्यात मी एका प्राध्यापिकेच्या घरी राहिले, आणि त्या तीन आठवड्यांत मी चपात्या करायला शिकले, कारण त्यांना खायच्या होत्या. सुट्टीत परदेशी मुलांना राहता येतं का, त्याचे पैसे लागतात का, विमानतळावर न्यायला गाडी असते का, हे आधी विचारा. शाकाहारी जेवण सगळीकडे मिळतं. त्यात चव किती, हे तिथल्या भारतीय मुलांना विचारा.

शिकून झाल्यावर नोकरीचं काय?

एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर पदवीनंतर बारा महिने काम करता येतं, त्याला ओपीटी म्हणतात. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या यादीतला विषय असेल तर आणखी चोवीस महिने. आता इथे बारीक गोष्ट. अर्थशास्त्राला काही कॉलेजं साधा सांकेतांक देतात, काही ‘संख्यात्मक अर्थशास्त्रा’चा. साध्यावर एक वर्ष, दुसऱ्यावर तीन. विषय तोच, दोन वर्षांचा फरक. सांकेतांक ४५.०६०३ आहे का, एवढंच कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला विचारा. व्हिसाचे नियम बदलत राहतात, त्यामुळे ‘तिथेच स्थायिक होईन’ हे गृहीत धरून कर्ज काढू नका.

छोटं कॉलेज मध्येच बंद पडलं तर?

भीती खोटी नाही. व्हर्मॉंटमधलं ग्रीन माउंटन कॉलेज २०१९ साली बंद झालं, न्यूयॉर्क राज्यातलं वेल्स कॉलेज २०२४ साली. व्हर्जिनियातल्या स्वीट ब्रायरने २०१५ साली बंद करत असल्याचं जाहीर केलं होतं, माजी विद्यार्थिनींनी पैसे उभे करून ते वाचवलं. गंगाजळी किती, पाच वर्षांत विद्यार्थी कमी झालेत का, विभाग बंद केले जात आहेत का, एवढं तपासा. ग्रिनेल किंवा स्वार्थमोरसारख्यांची गंगाजळी अब्जावधी डॉलरची आहे. ती चिंता तिथे करू नका.

एप्रिल आलाय, दोन पत्रं हातात आहेत आणि ठरत नाही.

वही घ्या. समजा पहिल्या कॉलेजचा खर्च ८८,००० डॉलर आणि ऐपतीवर मिळालेली मदत ७०,०००. दुसऱ्याचा खर्च ७८,००० आणि गुणवत्तेची स्कॉलरशिप ३५,०००. आधी मदतीची फोड करा: त्यात परत न करायचं अनुदान किती, कर्ज किती, आणि कॅम्पसवरच्या कामाचे किती. कामाचे पैसे वर्षभर थोडे थोडे मिळतात, ऑगस्टची फी त्यातून भरता येत नाही. मग आरोग्य विमा, विमानाची तिकिटं, गरम कपडे, पुस्तकं वर मांडा.

आणि चार वर्षांचं गणित करा, एका वर्षाचं नाही. दुसऱ्या कॉलेजात पहिल्या वर्षी ४३,००० भरायचे, म्हणून चार वर्षांचे १,७२,००० असं धरलं जातं. पण स्कॉलरशिप तेवढीच राहते आणि खर्च वाढतो. वर्षाला चार टक्के वाढ धरली तर बेरीज सुमारे १,९१,००० होते. हे वरचे १९,००० डॉलर घरात कोणाच्याच डोक्यात नसतात. ऐपतीवरची मदत खर्चाबरोबर वाढते का, आणि स्कॉलरशिप टिकवायला किती ग्रेड लागतात, हे दोन्ही कॉलेजांना लेखी विचारा. रक्कम थोडक्यात कमी पडत असेल तर फेरविचाराची विनंतीही करता येते. नवी कागदपत्रं जोडून, नम्रपणे, एकदाच.

आकडे जवळपास सारखे आले, तर दोन्हीकडच्या एकेका वर्गात ऑनलाइन बसता येईल का विचारा, आणि तिथे शिकणाऱ्या महाराष्ट्रातल्या कोणाशी तरी तासभर बोला. मराठीतून बोललात की माणसं खरं सांगतात. मग १ मेच्या आत एकाला होकार कळवा आणि दुसऱ्याला नकारही त्याच दिवशी कळवा. त्यांच्या प्रतीक्षा यादीवर कोणीतरी त्या जागेची वाट बघत असतं.